धरतोय का, हिस्के?

आमच्या हेममेर गावात म्हणतात, केस कापायचे असतील तर हिस्केकडे जावं, आणि गप्प बसून कापून घ्यायचे असतील तर दुसरं गाव बघावं. तिचं दुकान कालव्याच्या काठाला, उचलत्या पुलाच्या शेजारी. आत दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि आपला नंबर येईपर्यंत कॉफी पीत बसायला खिडकीत एक बाक. बाकावरची निम्मी माणसं केस कापायला आलेलीच नसतात.

मी या गावात सून म्हणून आले त्याला बरीच वर्षं झाली. पहिल्या वर्षी माझी मोडकीतोडकी फ्रिशियन, म्हणजे इथली बोली, ऐकून हिस्के आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली होती, "तू बोल, मी कापते. चुकलीस की एक बट जास्त उडवीन." त्या धाकानेच मी भाषा शिकले. घरी बसून लोकांची संकेतस्थळं बांधून देणं हा माझा धंदा, त्यामुळे पुढच्या सगळ्या भानगडीत माझा हात लागला. पण गोष्ट तिची आहे.

हिस्केचे वडील हाइत्से तळ्यांवर दुधाची होडी चालवायचे. हिवाळ्यात तळी गोठली की होडी बंद, मग ते पायात स्केट्स बांधून गावोगाव फिरायचे. एका कडाक्यात कालव्याजवळच्या कॅफेत कुणीतरी म्हणालं की आता पुलाखालीसुद्धा बर्फ धरलाय, माणसाचं वजन पेलतो. पुलाखालचा बर्फ सगळ्यात शेवटी धरतो, हे हाइत्सेंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण 'धरलाय' असं ऐकलं होतं, आणि घाई होती. पुलाखाली बर्फ फुटला आणि ते पाण्यात गेले. लोकांनी शिडी आडवी टाकून त्यांना ओढून काढलं. जीव वाचला, छाती मात्र कायमची अधू झाली. त्यानंतर ते कधी बर्फावर गेले नाहीत. जेवताना मध्येच चमचा खाली ठेवून विचारायचे, "पण म्हणालं कोण होतं ते?" रागाने नव्हे, खरंच आठवत नव्हतं म्हणून. कॅफेत त्या दिवशी असलेल्या कुणालाच ते आठवत नव्हतं.

हिस्के मोठी झाली, केस कापायला शिकली, दुकान काढलं. लग्न केलं, मोडलं, त्याविषयी ती फार बोलत नाही. बर्फाविषयी मात्र बोलते. कडाका पडला की दुकान उघडायच्या आधी हातोडी आणि पट्टी घेऊन तळ्यावर जाते, भोक पाडते, जाडी मोजते, कान लावून बर्फाचा आवाज ऐकते. बापाने बर्फ सोडला तसा लेकीने धरला, असं गावातले लोक म्हणायचे.

मग तो कॅफे बंद पडला. सकाळी तिथे उभ्या उभ्या कुठल्या वळणावर बर्फ काळा, म्हणजे घट्ट आहे, कुठे हंसांनी पाणी मोकळं ठेवलंय, या बातम्या मिळायच्या. त्या बातम्यांना आता घर राहिलं नाही. त्या सगळ्या हिस्केच्या दुकानाकडे वळल्या. हातात कात्री आणि दुकानाचा फोन सारखा वाजतोय. पलीकडून एकच प्रश्न: "धरतोय का, हिस्के?"

"मला एक पान काढून दे," ती मला म्हणाली. "रोज सकाळी लिहीन. ज्याला विचारायचंय त्याने वाचावं."

मी तिला एक फुकटातला ब्लॉग उघडून दिला. नाव तिनेच ठेवलं, 'धरतोय का?'. पहिल्याच हिवाळ्यात तो वीस कोसांपलीकडे वाचला जायला लागला. कारण एकटी हिस्के आमचं तळं पाहायची, पण खाली प्रतिक्रियांची चौकट होती. तिच्यात पलीकडच्या तळ्यावरचा कुणी लिहायचा, कुणी दक्षिणेकडच्या कालव्यावरून लिहायचा. सकाळी दहा वाजेपर्यंत सगळ्या मुलखाच्या बर्फाची हकीकत तिथे जमलेली असायची. ब्लॉग हिस्केचा, पण जीव त्या चौकटीत.

ती चौकट उघडी होती. कुणीही यावं, कुठल्याही नावाने लिहावं. आधी बूट विकणारे आले, मग गोळ्या विकणारे. हिस्के गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टॉवेल गुंडाळून ते पुसत बसायची. "माशा आहेत," म्हणायची. "माशांमुळे खिडकी बंद करतं का कुणी."

एका हिवाळ्यात 'पीट२' नावाच्या कुणीतरी लिहिलं, 'चर्चच्या वळणावर खुशाल जा, उत्तम धरलाय.' शाळेतल्या दौवे मास्तरांनी ते वाचलं आणि गेले. वळणावर बर्फ फुटला. गळ्यात बर्फात रोवायचे दोन खिळे होते, त्यांच्या जोरावर ते स्वतःच बाहेर सरपटले. कपडे बदलून, अजून ओठ निळे असतानाच ते हिस्केच्या दुकानात येऊन बाकावर बसले.

"कुणी सांगितलं तुला तिकडे जायला?" हिस्के म्हणाली.

"तुझ्याच पानावर होतं."

"मी नाही लिहिलं."

"तू नाही लिहिलंस, पण तुझ्या पानावर होतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "मला भांडायचं नाहीये, हिस्के. कॉफी दे."

तिने कॉफी दिली. मग माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "ती चौकट बंद कर. आत्ता." पीट२ कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक त्याचा हेतू वाईटही नसावा, त्याने दुसरंच वळण पाहिलं असेल. पण तिचं तोंड बघून मी लगेच कामाला बसले. वडिलांचा तो प्रश्न आता तिच्या पानावर येऊन बसला होता.

चौकट बंद झाली आणि ब्लॉग मुका झाला. हिस्के रोज लिहायची, पण एकटीने किती तळी बघणार? फोन पुन्हा वाजायला लागले. एकदा चार फोन एकापाठोपाठ आले आणि टपालवाल्या बाईचे केस एका बाजूने आखूड झाले. दुसरी बाजू तिच्या बरोबरीला आणता आणता ती बाई जवळजवळ मुलगा होऊनच घरी गेली.

वसंत लागला तेव्हा वीब्रेन केस कापायला आला. वीब्रेन आमच्या बर्फमंडळाचा अध्यक्ष. थंडी पुरेशी पडली की तळ्यांवरून स्केट्सची मोठी फेरी हे मंडळ काढतं, आणि ती काढायची की नाही हे वीब्रेन ठरवतो. जाडजूड माणूस, आवाज घंटेसारखा. त्याच्याच पोराने त्याला काहीतरी शिकवून पाठवलं होतं.

"चूक तुझी नाही, चौकटीची आहे," तो खुर्चीत बसत म्हणाला. "सगळं जग ज्या मोठ्या जागेवर आहे, तिथली चौकट लाव. तिथे लोक खऱ्या नावाने लिहितात, फोटोसकट. खोटं बोलायची छाती होणार नाही."

"यारिखकाका आहेत का तिथे?"

यारिखकाका म्हणजे तळ्याकाठचं बोरूचं उंच गवत कापणारे म्हातारे. उत्तर तळ्याच्या पाणथळात त्यांच्याइतकं कुणी हिंडत नाही.

"तो म्हातारा कुठेच नसतो," वीब्रेन म्हणाला. "एका माणसासाठी गाडी थांबवणार का तू?"

"पाणथळ तेवढं त्या एका माणसालाच दिसतं. मान खाली घाल."

मान खाली घातलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. हिस्केने आपले बरेचसे वाद असेच जिंकलेत.

पण त्याचं म्हणणं तिने टाकून दिलं नाही. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "ज्या ज्या चौकटी मिळतात त्या एकेक करून लावून बघू. उन्हाळाभर. बर्फ नसताना चुकलं तर कुणी बुडत नाही."

असा आमचा तो उन्हाळा गेला. पहिल्यांदा लावली ती वीब्रेनची. लोक भराभर आले, खरी नावं, हसरे फोटो, सगळं छान. जुलैत तळ्यावर हिरवं-निळं शेवाळ धरलं. हिस्केने लिहिलं, पोहायला जाणाऱ्यांनी पाणी कसं आहे ते सांगा. एकीने लिहिलं, 'पाणी झकास, आम्ही सगळे डुंबतोय', आणि त्याला लोकांनी आवडलं म्हणून ढीगभर लाल बदाम दिले. दोन दिवसांनी एका बापाने लिहिलं की मुलाच्या अंगावर पुरळ उठलंय, डॉक्टर म्हणतात पाण्यामुळे. हिस्के दुपारी पान बघायला गेली तर सगळ्यात वर 'पाणी झकास'. पुरळवाला बाप पार तळाशी.

"हे असं का?" तिने मला विचारलं.

"ज्याला जास्त बदाम, ते वर. ही चौकट तशीच चालते."

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "म्हणजे कडाक्यात 'बर्फ मस्त' म्हणणारा वर बसणार आणि 'इथे फुटला' म्हणणारा खाली. चांगली बातमी कुणाला नको असते? काढ ते."

दुसरी लावली ती परदेशातली, आधी खातं उघडा म्हणणारी. त्यासाठी यारिखकाकांना मुद्दाम दुकानात बसवलं. काका टोपी मांडीवर ठेवून, एका बोटाने, घाम येईपर्यंत झगडले. यंत्राने त्यांना नऊ चित्रं दाखवली आणि म्हटलं, सिग्नलचे दिवे असलेली चित्रं निवडा.

"हा मला काय विचारतोय," काका म्हणाले. "आमच्या गावात सिग्नल नाही."

"काका, तुम्ही माणूस आहात की यंत्र ते तो बघतोय."

"मग समोर येऊन बघ म्हणावं."

शेवटी ते आत गेले, आणि त्यांच्या पहिल्या वाक्याखाली लगेच कंबरपट्ट्याची जाहिरात लागली. काकांनी ती नीट वाचली, टोपी घातली आणि म्हणाले, "हिस्के, मी आपला फोनच करत जाईन."

तिसरी चांगली होती, पण इतकी सजवलेली की तळ्याच्या मधोमध, जिथे फोनला धड रेंज मिळत नाही, तिथे उघडायलाच तयार नाही. हिस्के वाऱ्यात होडी नेऊन स्वतः बघून आली. गोठलेल्या बोटांनी एवढं दाबणार कोण, हा तिचा दुसरा आक्षेप.

मला वाटलं आता ती नाद सोडेल. उलट ती एका सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, साखरपाव घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "जगात मिळतं ते बघून झालं. आता मला काय हवंय ते सांगते. तुला करता येईल का ते बघ."

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. सगळ्यात ताजं ते सगळ्यात वर. बदाम नकोत, अंगठे नकोत. खातं नको. पण प्रत्येकाने नाव लिहायचं, कुठे उभा आहे ते लिहायचं, कधी पाहिलं ते लिहायचं, आणि त्याला गाठता येईल असा फोन किंवा पत्ता फक्त तिच्यापुरता द्यायचा. कालचं लिखाण फिकं पडत गेलं पाहिजे, कारण कालचा बर्फ तो आजचा बर्फ नव्हे.

"आणि खोटं बोलणारे?" मी विचारलं.

"दुकानात कोण आलं ते मी मान वर करून बघते की नाही? तसंच. पहिल्यांदा येणारा दाराशी थांबेल. मी त्याला बघेन, दोन शब्द विचारेन, मग आत. एकदा आत आला की पुढच्या वेळी सरळ आत."

"तुझे दोन्ही हात कुणाच्या तरी केसात असतात."

"म्हणून ते एका बोटाने झालं पाहिजे. कोरड्या बोटाने नव्हे, ओल्या."

अशी एक साधी, फुकट मिळणारी प्रणाली मला माहीत होती, आपल्याच यंत्रावर चालणारी, जिची मोडतोड करायला मुभा असते. ती मी घेतली आणि हिस्केच्या मापाने कापून शिवली. एका गोष्टीवरून मात्र आमचं भांडण झालं. बटणावर 'पाठवा' असं लिहिलं होतं. सगळीकडे तेच असतं.

"ते बदल," ती म्हणाली. "तिथे लिही, 'मी स्वतः पाहिलंय'."

"अगं, असं कुणी लिहीत नाही. लोक बिचकतील."

"बिचकू देत. पाठवायला काय, कोणीही काहीही पाठवतं. 'मी स्वतः पाहिलंय' यावर बोट ठेवताना माणूस क्षणभर थांबतो. मला तेवढा क्षणच हवाय."

मी बदललं. आजही मला वाटतं, त्या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच, आणि ते माझं नव्हतं.

नव्या चौकटीची बातमी फुटली तेव्हा वीब्रेन दुकानात येऊन म्हणाला, "एवढा महाल बांधलास, आता राहायला बर्फ कुठून आणणार?"

त्याची जीभ काळी असावी. पुढचा हिवाळा नुसता पाऊस. त्याच्या पुढचाही तसाच. तळी करडी, ओली, उघडी. कालव्यावर भेटलेला माणूस तिला हसून विचारायचा, "धरतोय का, हिस्के?" आणि दोघं पावसाकडे बघायचे. पण ती रोज लिहीत राहिली: बोरू कुठपर्यंत कापून झाला, पाणमांजर कुठे दिसलं, वारा कुठला. आणि लोकही चौकटीत लिहीत राहिले, कारण आता सवय लागली होती. यारिखकाका फोनवर सांगायचे, ती त्यांच्या नावाने लिहायची. काकांच्या बदकांविषयीच्या टिपणांना तर खास वाचक तयार झाले. मला ते सगळं फुकट वाटायचं. हिस्के म्हणायची, "आता मला माणसं कळतायत. कोण वाढवून सांगतं, कोण घाबरट आहे, कोण सकाळी उठतच नाही आणि तरी सकाळचं सांगतो. बर्फ आल्यावर हे शिकायला वेळ मिळायचा नाही."

आणि मग तिसऱ्या हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला. आकाश काचेसारखं झालं, कालव्याच्या कडा वाजायला लागल्या. शाळेत पोरं खिडकीला चिकटली, आणि गावातल्या प्रत्येक माळ्यावरून स्केट्स खाली उतरले. हिस्केच्या पानावर असा लोंढा आला की मला यंत्र मोठं करावं लागलं. ती दुकानात काम करता करता एप्रनच्या खिशातल्या फोनवर ओलं बोट फिरवायची: हा ओळखीचा, ही नवीन, थांब जरा, याला फोन करते. पण दोन वर्षं बोललेली माणसं आता पहारेकऱ्यासारखी तळ्यातळ्यांवर उभी होती. 'उत्तर तळं, मधोमध, काळा बर्फ, हातभर अंतरावर दोन भोकं पाडली, दोन्ही चांगली.' 'जुनी गिरणी, पश्चिमेची कड, इथे जपून.' वाचताना मला मुलखाचा नकाशा डोळ्यांसमोर गोठत गेल्यासारखा दिसायचा.

वीब्रेनच्या मंडळाची बैठक झाली. शनिवारी फेरी काढायची. कित्येक वर्षांनी. देशभरातून लोक येणार. तो स्वतः दुकानात सांगायला आला, तेव्हा मी खिडकीतल्या बाकावर होते आणि खुर्चीत त्याचीच बायको आल्चे बसली होती, डोक्याला रंग लावून.

"सगळा मार्ग तपासला," तो म्हणाला. त्याचे डोळे पोरासारखे चमकत होते. "तुझ्या लोकांचंही सगळं वाचलं. एकही वाकडा शब्द नाही. जाहीर करतोय."

हिस्केचा फोन खिशात वाजला. तिने काढून पाहिला, आणि मागे सरून पुन्हा वाचला.

"कोण आहे?" आल्चे म्हणाली.

"नवीन आहे. दाराशी थांबलीय." हिस्केने वाचून दाखवलं. "'ग्राझिना. पंपघराजवळ, मोठ्या नाल्याच्या तोंडाशी. आज सकाळी. बर्फ आहे पण वर वाफ आहे. कुत्रा जायला बघत नाही. पाणी खाली चालते, ऐकू येते.'" भाषा मोडकी होती, माझ्या पहिल्या वर्षीसारखी.

"पंपघर काल दुपारी आम्हीच तपासलंय," वीब्रेन म्हणाला. "चांगला जाड होता. कोण ही ग्राझिना? पोलिश दिसतेय. तिला बर्फातलं काय कळणार?"

"पोलंडात काय ऊन पडतं का बारा महिने?" आल्चे आरशातून म्हणाली.

"तू काल दुपारी पाहिलंस," हिस्के म्हणाली. "ती आज सकाळचं सांगतेय."

तिने तिथेच फोन लावला. पलीकडून एक बाई हळू, शब्द शोधत बोलत होती. ती दूध कारखान्यात कामाला होती आणि पंपघरामागच्या भाड्याच्या घरात राहत होती. रोज कुत्र्याला घेऊन त्याच बांधावरून जायची. ब्लॉग ती भाषा शिकण्यासाठी वाचायची, सोपी वाक्यं असतात म्हणून. आधी कधी लिहिलं नव्हतं. "मी विचार केला लिहू की नको," ती म्हणाली. "मग बटण वाचलं. मी पाहिलं होतं. म्हणून लिहिलं."

हिस्केने एप्रन सोडला. "वीब्रेन, चल."

"आणि माझ्या डोक्याचं काय?" आल्चे म्हणाली.

"वेळ झाली की धुऊन घे. नळ तुला माहीत आहे."

आम्ही तिघं वीब्रेनच्या गाडीतून पंपघराला गेलो. बांधावर ग्राझिना उभी होती, लाल टोपी, पायाशी तपकिरी कुत्रा. नाल्याच्या तोंडाशी बर्फ होता, वरून अगदी आसपासच्यासारखाच. पण त्यावर पातळ वाफ रेंगाळत होती, आणि सगळे गप्प झाल्यावर खालून पाण्याची खळखळ ऐकू आली. बांधाआडच्या सखल शेतांत पाणी चढलं होतं म्हणून आदल्या संध्याकाळी पंप चालवावा लागला होता, आणि ते उपसलेलं पाणी इथे बर्फाखालून वाहत होतं. चूक कुणाचीच नव्हती. वीब्रेन एवढा मोठा माणूस, शिडी टाकून तिच्यावर पालथा पडला, पुढे सरकला आणि भोक पाडलं. हातोडी एका घावातच आत गेली. खालून पाण्याने बर्फ चाटून चाटून पोळीइतका करून ठेवला होता.

तो तसाच पालथा पडून राहिला. मग मान वळवून म्हणाला, "इथून सगळी फेरी जाणार होती."

ग्राझिनाने त्याला उठायला हात दिला. उठल्यावर त्याने तिचा हात सोडला नाही, दोन्ही हातांत धरून हलवत राहिला. "बाई, शनिवारी तुम्ही आमच्या मंडळाच्या तंबूत बसायचं. सूप आमचं."

"मी स्केट करू?" ती म्हणाली. "मला येते. माझ्या गावी नदी होती."

"मग तर पहिल्या ओळीत," वीब्रेन म्हणाला.

हिस्केने बांधावर उभ्या उभ्या फोन काढला, ग्राझिनाला दाराच्या आत घेतलं. तिची प्रतिक्रिया पानावर सगळ्यात वर जाऊन बसली, ताजी होती म्हणून. खाली वीब्रेनने आयुष्यातली पहिली प्रतिक्रिया लिहिली: 'पंपघर. आत्ता. पालथा पडून पाहिलं. बाई बरोबर सांगतायत. इथून कुणीही जाऊ नये.' बटणावर बोट ठेवताना तो किंचित थांबला. ते मी पाहिलं.

मार्ग बदलला. नाल्याच्या तोंडाला वळसा घालून बांधावरून चालत जायचं ठरलं, आणि पायातल्या स्केट्सच्या पात्यांना धक्का लागू नये म्हणून गालिचे अंथरायचे. हिस्केने पानावर गालिचे मागितले. दुसऱ्या दिवशी पंपघराशी एवढे गालिचे येऊन पडले की चर्चमधला लाल गालिचा, कुणाच्या बैठकीतला फुलाफुलांचा, आणि दौवे मास्तरांच्या शाळेतल्या वाचनकोपऱ्यातला, ज्यावर बेडूक काढलेत, असे सगळे एकापुढे एक लागले. आल्चेचे केस ठरल्यापेक्षा बरेच तांबडे झाले होते. तिला ते आवडले.

शनिवारी सूर्य नारिंगी उगवला आणि तळी माणसांनी भरली. किती आली ते मंडळालाही नीट सांगता आलं नाही. हिस्केने दुकानाला कुलूप लावलं आणि वडिलांच्या काळातली लोकरी टोपी घालून ती स्वतः फेरीला निघाली. मी सूपाच्या तंबूत वाटाण्याचं सूप वाढत होते, आणि मधूनमधून पान बघत होते. माणसं वाटेत थांबून लिहीत होती: 'गिरणी पार, उत्तम.' 'बेडकांच्या गालिचावरून आत्ताच आलो, कुणी घसरलं नाही.' यारिखकाका पाणथळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते आणि चुकून आत वळणाऱ्या प्रत्येकाला काठीने परत पाठवत होते. ग्राझिना दुपारीच परत आली, गाल लाल, पहिल्या काही बायकांत. तिने सूपाच्या दोन वाट्या उभ्याने संपवल्या.

दुपार कलली. लोक ओळीने आत येत होते, पदकं गळ्यात पडत होती, ताशे वाजत होते. एकही माणूस पाण्यात पडला नाही. एकही. वीब्रेन हे मला तीनदा सांगून गेला.

हिस्के मात्र आली नव्हती. ती काही दमणारी बाई नाही. उजेड उतरायला लागला तेव्हा मला काळजी वाटायला लागली. शेवटी पुलाच्या वळणावरून ती आली, सावकाश, एकटी नव्हे, आठ-दहा अनोळखी माणसांच्या घोळक्यात, सगळे एकाच वेळी बोलत होते. कुणी तिचा हात धरला होता, कुणी तिच्या टोपीकडे बोट दाखवून हसत होतं. गाव टाळ्या वाजवायला लागलं. पुलावर उभे राहून, छतांवर चढून वाजवायला लागलं. ते आपल्यासाठी आहे हे तिला जरा उशिरा कळलं. मग तिने टोपी काढली आणि दोन्ही हातांनी वर धरली.

वीब्रेनने तिच्या गळ्यात पदक घातलं. "सगळ्यात शेवटी आलीस," तो म्हणाला. "कुठे होतीस एवढा वेळ?"

"प्रत्येक वळणावर कुणीतरी अडवत होतं," हिस्के म्हणाली. तिचा आवाज बसला होता आणि डोळे हसत होते. "म्हणे, तू हिस्के ना? मी तो दक्षिण कालव्याचा. मी ती जुन्या गिरणीची. दोन वर्षं रोज बोलतोय आपण. आता भेटल्यावर बोलू नको का?" मग ती मागे वळून त्या घोळक्याला म्हणाली, "चला, आत चला सगळे. सूप गरम आहे."